मोरूचं गुरगुरणं परत येऊ दे

'मावशी, आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. घरात मी, यजमान, सासू-सासरे आणि सात वर्षांचा मुलगा. जूनच्या सुरुवातीला मोरजीहून एक कुत्रा घरी आणला. तिथल्या किनाऱ्यावरच्या एका शॅकवर, म्हणजे झावळ्यांच्या खानावळीत, तो लहानाचा मोठा झाला होता. पावसाच्या आधी शॅक मोडला, कामाची माणसं आपापल्या गावी गेली आणि हा तिथेच वाळूत बसून राहिला. मोरजीचा म्हणून नाव मोरू. दोनेक वर्षांचा असेल. तसा गरीब आहे, पण जेवताना मुलगा जवळून गेला की गुरगुरायचा. एकदा दात दाखवले, तेव्हा यजमानांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन फटके दिले आणि ताटली उचलून घेतली. असं चार-पाच वेळा झालं. आता गुरगुरणं बंद झालंय, नुसता ताठ होऊन उभा राहतो. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकला की घर डोक्यावर घेतो. सासरे म्हणतात, धनी कोण हे कुत्र्याला कळलं पाहिजे, नाहीतर तो डोक्यावर बसतो. एका ट्रेनरने चोक चेन आणायला सांगितलीय. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली. आमचा गणपती पाच दिवसांचा, घरात पंचवीस-तीस माणसं असतात, फटाके असतात. मोरूला ठेवावं की मोरजीला नेऊन सोडावं? रात्री तो माझ्या पायांशी येऊन झोपतो तेव्हा मला रडू येतं.'
— फोंडा तालुक्यातील एक वाचक

बाय,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीपाशी अडखळले. 'आता गुरगुरणं बंद झालंय.' त्या दिवशी घरात सगळ्यांना हायसं वाटलं असेल. मला मात्र ते वाचून धस्स झालं. मोरू गुरगुरत होता तोवर तुझं घर आजच्यापेक्षा सुरक्षित होतं.

म्हणून पुढचं वाचायच्या आधी एक गोष्ट कर. आजपासून मोरू जेवत असताना मुलगा त्या खोलीत नको. 'जवळ जाऊ नको हं' असं सांगून भागणार नाही, सात वर्षांचं पोर खेळाच्या नादात विसरतं. दार लावायचं, कडी घालायची. बाकी सगळं सावकाशीने करता येईल, हे आजच्या आजच व्हायला हवं.

आता का, ते सांगते.

कुत्रा चावण्याआधी पुष्कळ बोलून घेतो. आधी तोंड फिरवतो. जीभ पटकन नाकावरून फिरवून आत घेतो. झोप नसताना जांभई देतो. एवढ्यानेही समोरचा मागे सरला नाही तर अंग आखडतो, मान ताटलीवर आणखी खाली नेतो, आणि डोकं न हलवता नुसते डोळे तुझ्याकडे वळवतो. तेव्हा बुबुळाच्या कडेला पांढरी कोर दिसते. मग ओठ वर जातो, मग गुरगुर. मग हवेतच दात आपटतो. एवढं सगळं वाया गेलं तर चावतो. नॉर्वेच्या तुरीद रुगास या प्रशिक्षिकेने आयुष्यभर अशा बारीक खुणा पाहून त्या लोकांना दाखवल्या. तोंड फिरवणं, जांभई, ओठ चाटणं या गोष्टी सहज घडत नसतात, 'मला हे नको, तू शांत हो' असं तो सांगत असतो, हे त्यांच्यामुळे पुष्कळांना कळलं. आपण घाईतली माणसं, आपल्याला या सगळ्यातलं ऐकू येतं ते फक्त गुरगुरणं. आणि नेमकं तेच आपण मारून बंद पाडतो.

फटका खाल्ल्यावर मोरूला काय कळलं असेल? 'पोरगा जवळ आला की ताटली जाईल' ही भीती त्याला आधीच होती. आता त्यात भर पडली, 'पोरगा जवळ आला की ताटलीही जाते आणि मारही बसतो.' म्हणजे मुलाविषयीची धास्ती दुप्पट झाली आणि ती बोलून दाखवायची सोय गेली. तो ताठ उभा राहतो म्हणतेस ना, ते शांत होणं नव्हे. पावसाआधी वारा पडतो आणि माडाचं एक पानही हलत नाही, तसं ते आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बावीस वर्षांपूर्वी डिचोलीला आमच्या घरी जिमी होता. तोही हाडकावर गुरगुरायचा. तेव्हा एका माणसाने मला शिकवलं की त्याचं हाडूक हिसकावून घ्यायचं, त्याला उताणा पाडायचा आणि तो निपचित होईपर्यंत दाबून धरायचं. मी ते मन लावून केलं. महिनाभरात जिमी गुरगुरायचा थांबला आणि मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले. दिवाळीला बहीण आली. तिचा चार वर्षांचा मुलगा जिमीच्या बाजूने नुसता गेला, तर जिमीने आवाज न करता त्याचा हात धरला. तीन टाके पडले. 'एकाएकी चावला, काही कारण नव्हतं,' असं घरात सगळे म्हणत होते. मी मात्र रात्रभर जागी होते. कारण होतं, आणि ते जिमीने मला महिनाभर सांगितलं होतं. सांगू नकोस, हे मीच त्याला शिकवलं होतं. त्या रात्रीनंतर मी वही घातली. माझ्याकडे आलेला प्रत्येक कुत्रा कशाने घाबरतो, पहिली खूण कुठली देतो, ते तिच्यात लिहिते. आज अशा अकरा वह्या आहेत. पहिल्या पानावर जिमी आहे.

तुझ्या यजमानांवर मी रागावलेली नाही. पोराच्या अंगावर दात निघाले की बापाचा हात उठणारच. पण त्यांना हे सगळं वाचून दाखव.

सासऱ्यांचं म्हणणंही नीट ऐकू या, कारण तसं म्हणणारे ते एकटे नाहीत. 'धनी कोण ते दाखवा' या सल्ल्याच्या मुळाशी लांडगे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल यांनी आवारात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं, ते १९४७ मध्ये प्रसिद्ध झालं. कोंडलेली जनावरं एकमेकांवर धावून जात, दबून राहत, वरचढ होत. त्यातून कळपाचा 'अल्फा' ही कल्पना निघाली. अमेरिकेच्या डेव्हिड मीच यांनी १९७० मध्ये आपल्या पुस्तकातून ती घरोघर पोचवली. पण त्याच मीच यांनी पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समियर बेटावर रानातले मोकळे लांडगे कित्येक उन्हाळे जवळून पाहिले, आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी रोज लढाई होत नाही. बाप हा बाप म्हणूनच पुढे असतो. सासऱ्यांना एवढंच विचार, घरात त्यांचा शब्द चालतो तो त्यांनी कुणाची ताटली ओढली म्हणून चालतो का? पन्नास वर्षं त्यांनी सगळ्यांचं पोट भरलं म्हणून चालतो. मोरूलाही धनी कळतो तो तसाच कळतो.

आता मोरूच्या बाजूने बघ. शॅकवर वाढलेल्या कुत्र्याचं जेवण कसं असतं? ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पर्यटक येतात, कुणी तळलेल्या मासळीचं शेपूट टाकतं, कुणी पाव टाकतं. एका तुकड्यावर पाच कुत्रे. जो पटकन गिळतो आणि दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही, त्याचं पोट भरतं. मग मे संपतो, झावळ्या निघतात, बांबू निघतात, आणि काल भरलेली ताटं होती तिथे आज नुसती ओली वाळू. मोरूने हे दोनदा पाहिलं असणार. अन्न एका दिवसात नाहीसं होतं हे तो अनुभवाने शिकलाय, आणि तुझ्या घरी दोन महिने झाले म्हणून तो ते विसरणार नाही. ताटली उचलून घेतली की त्याची जुनी भीती खरी ठरते, एवढंच होतं.

पुढचं काही करायच्या आधी त्याला डॉक्टरांना दाखवून आण. दुखणारा कुत्रा चिडका होतो, आणि पावसात दुखण्यांना तोटा नसतो. कानात पाणी जाऊन सूज येते, दात किडलेला असतो, बोटांच्या बेचक्यात गोचीड असते. गोचिडीने येणाऱ्या तापात कुत्रा सुरुवातीला नुसता सुस्त आणि तापट वाटतो, हिरड्या फिक्या पडतात, आणि रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही. कानाला खाच आहे का तेही बघ, असली तर नसबंदी झालेली आहे. रेबीजची लस टोचून घे, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लशीबद्दलही विचार. दशकभराहून अधिक काळ इथे मिशन रेबीज या संस्थेची माणसं गावोगाव फिरून कुत्र्यांना लस देत आली, २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, ते या लशीच्याच जोरावर. तरी घरात कुणाला नुसता ओरखडा जरी आला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चुना, हळद, मिरची लावत बसायचं नाही.

आता ताटलीचं. हे काम तू किंवा यजमान, दोघांपैकी एकानेच करायचं, मुलाने नाही.

पहिला आठवडा त्याला कोपऱ्यातल्या शांत खोलीत जेवायला दे आणि कुणी फिरकू नका. ताटली उचलायची ती तो बाहेर गेल्यावर. पोटभर, ठरल्या वेळी, दिवसातून दोनदा. एवढ्यानेच पुष्कळ कुत्र्यांचं अर्धं ओझं उतरतं.

मग एक दिवस दारात उभी राहा. किती लांब? तो खाताना अंग सैल आहे, शेपटी मोकळी आहे, घास सावकाश घेतोय, एवढ्या लांब. घास भराभर गिळायला लागला की तू जास्त जवळ आलीस. तिथूनच एक चांगला तुकडा त्याच्या ताटलीच्या बाजूला टाक आणि पाठ फिरवून निघून जा. 'निघून जा' हे महत्त्वाचं. थांबून कौतुक करू नको, नाव घेऊन बोलू नको. एका जेवणाला तीन-चार वेळा, बस. काही दिवसांनी तू दारात आलीस की तो ताटलीतून तोंड वर काढून तुझ्याकडे बघेल, कान मागे, डोळे मऊ, 'आणलंस का काही?' असा. तो चेहरा दिसला की एक पाऊल पुढे यायचं. दिसला नाही तर आहे तिथेच. कुणाला दहा दिवस लागतात, कुणाला तीन महिने.

तुकडा कशाचा, तर जे त्याला रोज मिळत नाही त्याचा. एरवी मी उकडलेली कोंबडी किंवा काटे काढलेला बिनमिठाचा बांगडा सांगितला असता. पण श्रावणात तुमच्या घरी मासळी येत नसेल, चवथीपर्यंत तर नाहीच. मग पनीर घे, करंगळीच्या नखाएवढे तुकडे कर. उकडलेलं रताळंही चालतं. माझ्याकडचा एक कुत्रा तुपाचं बोट लावलेल्या चपातीच्या तुकड्यासाठी वाटेल ते करायचा. मोरूला काय आवडतं ते त्यालाच विचार: दोन तळहातांवर दोन गोष्टी धर, ज्याकडे आधी जाईल ती त्याची.

आणि त्याच्या तोंडात काही असेल, मुलाची चप्पल असेल, तर ओढू नको. पनीर जमिनीवर टाक, तो सोडेल, मग चप्पल उचल. त्याची स्वतःची वस्तू असेल तर पनीर खाऊन झाल्यावर ती परत दे. आपल्याकडे दिलेलं परत मिळतं, हे त्याला दहा-वीस वेळा अनुभवायला मिळू दे.

मुलाला यातून वगळू नको, नाहीतर त्याच्या मनात मोरू म्हणजे कडीमागचा राक्षस होईल. त्याच्यासाठी वेगळं काम आहे. मोरू जेवत नसताना, तू बाजूला बसलेली असताना, मुलाने भिंतीला टेकून बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. मोरू आपण होऊन आला तर छातीवर किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवायचं. एक, दोन, तीन, आणि हात परत मांडीवर. मग बघायचं: मोरू पुढे सरकून हाताला डोकं लावतो, की अंग झटकून बाजूला होतो? पुढे आला तर पुन्हा तीन सेकंद. गेला तर जाऊ द्यायचं. मी हे शाळेतल्या मुलांना शिकवते तेव्हा ती मोठ्यांपेक्षा चटकन शिकतात, मोजायचा खेळ त्यांना आवडतो. मिठी मारायची नाही, झोपलेल्याला हलवायचं नाही, हे दोन नियम मात्र पाहुण्यांच्या मुलांनाही.

पोदेराचं वाचून मला आमच्या वाड्यावरची सकाळ आठवली. साडेसहाला सायकल वळणावर येते, मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली, हँडलला रबरी भोंगा. पों पों. एका घरी उंडे, दुसऱ्या घरी पोळ्या (दोन्ही आपले गोव्याचे पाव), पाच मिनिटांत पुढच्या वाड्यावर. मोरूच्या डोक्यात याचा हिशेब काय होत असेल? भोंगा वाजतो, मी भुंकतो, माणूस पळून जातो. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, एकदाही चुकत नाही. इतकं बिनचूक यश कुणाला मिळालं तर तो ते का सोडेल? वरून तुम्ही घरातून 'ए, गप!' म्हणून ओरडत असाल, म्हणजे त्याला वाटतं आपल्या बाजूने सगळं घर भुंकतंय.

इथे पावलोवचं जुनं तंत्र चालतं, आधी घंटा, मग अन्न. पण क्रम चुकवू नको. भोंगा वाजला की पनीर. आधी पनीर काढून मग भोंग्याची वाट पाहत बसलीस तर पनीर दिसताच तो सावध व्हायला शिकेल. पहाटे मोरूला घेऊन घराच्या मागच्या बाजूला थांब, जिथून भोंगा लांबचा ऐकू येतो. पहिला पों ऐकला की एक तुकडा, दुसरा पों, दुसरा तुकडा. भोंगा थांबला की तुकडे थांबले. त्याने कान टवकारून भोंग्याऐवजी तुझ्याकडे पाहिलं, की समज धागा जुळला. मग रोज थोडं पुढे, व्हरांड्यापर्यंत. पोदेराला सांगून ठेव, ही माणसं फार समजूतदार असतात. आमच्या पोदेराने एका घाबरट कुत्रीसाठी तीन आठवडे वळणावरच सायकल थांबवून भोंगा हळू वाजवला होता. आता ती फाटकापाशी त्याची वाट पाहते आणि तो कडक पोळीचा कडेचा तुकडा तिच्यासाठी वेगळा ठेवतो.

सकाळी फिरायला नेतेस तेव्हा घाई करू नको. तो एका झुडपाशी दोन मिनिटं थांबला तर थांबू दे. आपल्या नाकात वास पकडणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, त्याच्या नाकात वीस-तीस कोटी. त्याला बांधावरून नुसतं नाक जमिनीला लावून चालू दिलंस की तो दमतो आणि शांतही होतो. गळ्यातला पट्टा नको, छातीचा हार्नेस घे, आणि दोरी थोडी लांब.

चवथीला वेळ कमी आहे, तेव्हा मनातून एक अपेक्षा काढून टाक. या चवथीला मोरूने पाहुण्यांत मिसळायचं नाही. तो पाच दिवस आपल्या खोलीत सुखाने राहिला तर ती तुझी मोठी कमाई. गणपतीवर फळं-भाज्यांची माटोळी बांधता तिच्यापासून लांबची, रस्त्याच्या उलट बाजूची खोली निवड. मागची कोठीची असली तर फार चांगलं. आजपासूनच त्याला तिथे जेवायला दे, तिथेच दुपारी झोपू दे. तुझी न धुतलेली जुनी साडी अंथर. चवथीच्या दिवशी एकदम कोंडलंस तर ती शिक्षा होईल, आत्तापासून सवय लावलीस तर ती त्याची जागा होईल. खिडकीला जाड पडदा, पंखा मोठ्यावर. जुन्या पंचाच्या घड्यांत पनीरचे आणि चपातीचे तुकडे लपवून दे, अर्धा तास हुंगत, उलगडत बसेल. दारावर मोठ्या अक्षरांत कागद लाव, 'आत मोरू आहे, दार उघडू नये', आणि कडीची जबाबदारी एका माणसाकडे दे. तुला आरतीची, पानांची, पाहुण्यांची शंभर व्यवधानं असतील, म्हणून तो माणूस तू नको. सासऱ्यांना विचार. मला वाटतं ते हे काम मनापासून करतील.

आरतीला घुमट, शामेळ, कासाळे ही वाद्यं एकदम सुरू झाली की आपल्याला स्फुरण चढतं; पहिल्यांदा ऐकणाऱ्या कुत्र्याला ती घर कोसळतंय अशी वाटू शकतात. माणसाचे कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतात, कुत्र्याचे पंचेचाळीस हजारांच्या आसपास. आत्तापासून फोनवर आरतीचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लाव, तो जेवत नसताना, सोबत पनीर. तो आवाजाकडे लक्ष न देता खातोय असं दिसल्यावरच आवाज वाढव. फटाक्यांचंही तसंच, पण फटाक्यांची भीती इतक्या दिवसांत जाणार नाही. तो थरथरत असेल, लाळ गाळत असेल, तर तुझ्यापाशी आला की जवळ घे. जवळ घेतल्याने भित्रेपणा वाढतो असं लोक सांगतील. त्यात तथ्य नाही, भीती ही काही लाडाने लागलेली खोड नव्हे. फार घाबरणारा असेल तर डॉक्टरांकडे त्यासाठी औषधं असतात, पण ती आधी एकदा देऊन पाहावी लागतात, म्हणून चवथीच्या आदल्या दिवशी धावत जाऊ नको. माणसांची झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने कधीही द्यायची नाही. संध्याकाळचे फटाके सुरू व्हायच्या आधी त्याला बाहेर नेऊन आण, दोरी हातात पक्की, गळ्यात तुझा फोन नंबर लिहिलेली पट्टी. फटाक्यांच्या आवाजाने बिथरून पळालेला कुत्रा फार लांब जातो.

आणि नेवऱ्या (करंज्या)! सारणात मनुका असतात, आणि मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्रेमाने एखादी आजी नेवरी पुढे करेल, तिला आधीच सांगून ठेव.

चोक चेनविषयी थोडक्यात सांगते: आणू नको. ती गळा आवळून काम करते, आणि मोरूच्या मनात मुलगा, पाहुणे, पोदेर यांच्याशी आणखी एक दुखणं जोडते. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की सगळ्याच कुत्र्यांना, चिडक्यांनासुद्धा, बक्षिसाच्या पद्धतीनेच शिकवावं. ट्रेनरची पाटी कुणालाही लावता येते, म्हणून कुणालाही बोलावण्याआधी त्याला एक प्रश्न विचार: 'कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?' तो हात उगारून दाखवू लागला तर चहा देऊन निरोप दे.

राहिलं मोरजीचं. तिथे आज काय आहे? शॅक पावसाळा सरल्याशिवाय उभे राहत नाहीत. जे कुत्रे तिथे टिकून आहेत त्यांनी जागा वाटून घेतल्या असतील, ते मोरूला आत घेणार नाहीत. पोसलेलं जनावर उपाशी मरेल अशा जागी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तो भाग वेगळाच. पण तुझ्या मनावरचं ओझं मला कळतं. समजा तीन-चार महिने सगळं करूनही मुलाच्या बाबतीत मोरूचा जीव थाऱ्यावर आला नाही, तर लहान मूल नसलेलं, धीराचं घर शोधून त्याला तिथे देणं यात काही कमीपणा नाही. तसं झालं तर मी तुझ्यासोबत घर शोधेन. आज मात्र तो प्रश्न नाही. जो कुत्रा दोन महिन्यांत माणसाच्या पायांशी झोपायला शिकला, त्याने अजून आशा सोडलेली नाही.

तेव्हा आधी दार, मग डॉक्टर, मग पनीर. यजमानांनी ताटलीला हात लावायचा नाही, एवढं त्यांच्याकडून वचन घे.

विसर्जन झालं की मला लिही. आणि मधल्या दिवसांत कधी तू एखादं पाऊल जास्त पुढे गेलीस आणि मोरू गुरगुरला, तर घाबरू नको, कुणाला ओरडू देऊ नको. तू सावकाश मागे सर, दार ओढून घे, आणि त्या दिवसाची तारीख मला कळव. वहीत मोरूचं पान मी आजच उघडलंय, ती तारीख मला त्याच्यावर लिहायची आहे.